तिसऱ्या अपत्याचा अर्ज

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विद्यार्थी साहाय्य निधीविषयीच्या ठरावावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सभेपुढे आताच जो ठराव वाचून दाखविण्यात आला त्यास विरोध करण्यासाठी आम्ही उभे आहोत, हे आरंभीच सांगून टाकतो. म्हणजे पुढील विवेचनाचा रोख कोणीकडे आहे याविषयी श्रोत्यांना तर्क करीत बसावे लागणार नाही. ठराव असा आहे की, येत्या शैक्षणिक वर्षापासून मंडळाच्या निधीतून मिळणारी फीची व पुस्तकांची मदत प्रत्येक कुटुंबातील पहिल्या दोन अपत्यांपुरतीच असावी. ठराव मांडणारे व त्यास अनुमोदन देणारे गृहस्थ ज्ञातीच्या कार्यात आमच्याहून अधिक झिजलेले आहेत. निधीसाठी उन्हातान्हात दारोदार हिंडून पावत्या फाडणारे तेच, आणि हिशेबाच्या वहीत एक रुपयाही इकडचा तिकडे होऊ न देणारेही तेच. त्यांच्या हेतूविषयी शंका घेणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि हेतु शुद्ध असला म्हणून नियम न्याय्य ठरतोच असे नाही, आणि सर्वसाधारण सभा बोलावण्याचे कारणच हे की नियम पारखून घेतला जावा.

ठरावाच्या समर्थनार्थ जे सांगण्यात आले त्यात मुख्य मुद्दे तीन. निधी तुटपुंजा आहे आणि अर्ज वाढत आहेत, हा पहिला. ज्यांनी दोन अपत्यांवर थांबून संसार आटोपशीर ठेवला, त्यांच्या वर्गणीतून ज्यांनी तसे केले नाही त्यांच्या मुलांच्या फिया भरणे न्यायाचे नाही, हा दुसरा. आणि सरकारच जेथे दोनांवर थांबते तेथे आपण का थांबू नये, हा तिसरा. हा तिसरा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आमचा विरोध नेमका तेथूनच उगवतो. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर करावयास हवा.

कुटुंब लहान असावे याविषयी आमचा वाद नाही. महाराष्ट्रात तरी तो वाद फार पूर्वी मिटला, आणि तो मिटविण्यासाठी ज्यांनी किंमत मोजली त्यांचे स्मरण येथे उचित होईल. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली, आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविताना कोर्टाच्या पायऱ्याही चढाव्या लागल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव आणला. बाबासाहेब त्या दिवशी उपस्थित नव्हते, म्हणून रोहम यांनी तो मांडला, आणि सभागृहाने तो फेटाळला. परंतु याच बाबासाहेबांनी त्याच्या दहा वर्षे आधी, १९२८ साली, मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरणीकामगार स्त्रियांना बाळंतपणाच्या काळी पगारी रजा देणाऱ्या विधेयकाची बाजू घेतली होती, आणि तिचा भार मुख्यत्वे सरकारने उचलावा असे म्हटले होते. म्हणजे ज्याने बाळंतपणे कमी व्हावीत म्हणून ठराव आणविला, त्यानेच बाळंतिणीच्या हाती पैसा पडावा म्हणूनही भाषण केले. त्यांना यात विसंगती दिसली नाही, कारण ती नाहीच. पुढच्या अपत्याविषयीचा विचार आईबापांच्या हाती देणे हे एक कार्य. जे अपत्य जन्मास आले आहे त्याच्या ताटात अन्न पडते की नाही हे पाहणे, हे निराळे. आजच्या ठरावात या दोन कार्यांची सरमिसळ झाली आहे.

आपल्या ज्ञातीपुरते बोलावयाचे तर एवढे ध्यानात घ्यावे की आपण पिढीजात विणकर. ज्या घरी खड्डामाग होता त्या घरी मूल म्हणजे ओझे नव्हते. मागावर एक जण बसे, कांड्या भरावयास दोघे लागत, आणि ताणा पसरण्याच्या दिवशी तर शेजारच्या घरांतील हातही उसने घ्यावे लागत. मूल जन्मास आले म्हणजे खाणारे तोंड एक आणि राबणारे हात दोन, अशी ती बेरीज होती. यंत्रमाग आला, सूत महागले, हातमागाचे लुगडे बाजारात मागे पडले, तशी ती बेरीज चुकू लागली. ज्या घरांत शिक्षण आधी पोहोचले, ज्यांना नोकरी आधी लागली, त्या घरांनी ती चूक आधी ओळखली. जी घरे अजून दुसऱ्याच्या यंत्रमागावर पाळीने काम करतात त्यांना ती ओळखावयास एक पिढी अधिक लागली, एवढाच काय तो भेद. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सर्वांत गरीब पंचमांश लोकांत एका स्त्रीमागे सरासरी २.६ अपत्ये, आणि सर्वांत सधन पंचमांशांत १.६, असे आढळले. एका अपत्याचा फरक! महाराष्ट्राची सरासरी तर १.७ वर आली आहे. दोघा आईबापांची जागा घेण्यास जेवढी अपत्ये लागतात तेवढीही आता महाराष्ट्रात जन्मास येत नाहीत. अर्जांचा पूर लोटेल म्हणून जे बांध घालू पाहतात, त्यांनी नदी ओसरू लागली आहे हेही पाहावे.

आता सरकारचे अनुकरण करावे या मुद्द्याकडे येऊ.

महाराष्ट्र शासनाची एक शिष्यवृत्ती राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाने आहे. ज्या घरांचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत आहे, त्यांच्या मुलांना व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कात तिच्यातून सवलत मिळते. तिच्या अटींत एक अट अशी की, एका कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ घेता येईल. शाहू महाराजांचे नाव आणि ही अट एकाच कागदावर पाहून आम्हांस जरा चमत्कारिक वाटते. महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा जो बाप मुलास शाळेत पाठविणार नाही त्यास दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. दंड बापास, आणि तोही मूल शाळेत यावे म्हणून! आज आपण अपत्यसंख्येचा दंड ठोठावू पाहतो तो मुलास, आणि त्याचा परिणाम मूल शाळेबाहेर जाण्यात होतो.

सरकारी योजनांत ही पद्धत एकदम आली नाही, हळूहळू रुळली. १९९५ साली दारिद्र्यरेषेखालील बाळंतिणींसाठी केंद्र सरकारने जी मदत सुरू केली ती पहिल्या दोन जिवंत अपत्यांपुरती होती. पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने, सरकारी नोकरीतील व तत्सम लाभ मिळणाऱ्या स्त्रिया वगळून, प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेस किमान सहा हजार रुपये मिळावेत असे लिहिले. कायद्यात अपत्याचा क्रमांक नाही. परंतु कायद्याची अंमलबजावणी म्हणून जी प्रधानमंत्री मातृवंदना योजना १ जानेवारी २०१७ पासून आली, तिच्यात पाच हजार रुपये, आणि तेही पहिल्याच जिवंत अपत्यासाठी, असे ठरले. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर तिच्यासाठी सहा हजार रुपये देण्यात येऊ लागले. दुसरा मुलगा झाला तर काही नाही, आणि तिसऱ्या खेपेस तर प्रश्नच नाही. कायदा ‘प्रत्येक’ म्हणतो आणि योजना ‘पहिले’ म्हणते. आमच्या भगिनींना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही की, तिसऱ्या बाळंतपणात अंगातील रक्त पहिल्यापेक्षा अधिक आटलेले असते, आणि त्या चाळीस दिवसांत डिंकाचे लाडू तर दूरच, रोजच्या वरणाचीही भ्रांत असणाऱ्या घरी त्या पैशांची गरज पहिल्या वेळेपेक्षा कमी होत नाही.

राज्य शासनाच्या ‘लेक लाडकी’ योजनेचेही तसेच. १ एप्रिल २०२३ नंतर पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या घरी जन्मलेल्या मुलीस जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने एक लाख एक हजार रुपये द्यावयाचे, ही कल्पना स्तुत्य आहे. परंतु दुसऱ्या प्रसूतीनंतर आईने किंवा बापाने कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतलेली असावी, अशी अट आहे. दोन मुलींच्या पाठीवर झालेली तिसरी मुलगी, जिच्या जन्माच्या दिवशी घरात पेढे वाटले जात नाहीत, ती योजनेसही नकोशी होते. घराने जिला कमी लेखले तिला सरकारी कागदाने तरी जवळ घ्यावे, अशी अपेक्षा बाळगणे चुकीचे आहे काय?

अन्नधान्याच्या बाबतीत मर्यादा उघड लिहिलेली नाही, परंतु गणितातून ती उतरतेच. प्राधान्य गटातील शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो धान्य मिळते. त्याहून गरीब जे अंत्योदय कुटुंब, त्यास माणसे कितीही असोत, पत्रिकेमागे पस्तीस किलो. आता ज्यांना पाढे येतात त्यांनी हिशेब करून पाहावा. घरात तीन माणसे असतील तर माणशी साडेअकरा किलोंहून अधिक धान्य येते. सात असतील तर बरोबर पाच किलो. नऊ असतील तर माणशी चार किलोही पडत नाहीत. म्हणजे गरिबांतील गरीब म्हणून ज्यास वेगळी पत्रिका दिली, त्याच्या घरी माणसे सातांहून अधिक झाली की त्यास कमी गरीब गणलेल्या शेजाऱ्यापेक्षा माणशी कमी धान्य मिळू लागते. कोणी दुष्टबुद्धीने हे केले असे आम्ही म्हणत नाही. पत्रिका मोजणे सोपे असते, माणसे मोजणे कष्टाचे असते. परंतु आपले मंडळ काही जिल्हा पुरवठा कार्यालय नव्हे. आपणांस घरे ठाऊक आहेत, घरांतील माणसे ठाऊक आहेत, कोणाची सून कोणत्या गावची हेही ठाऊक आहे. मग आपण पत्रिका का मोजाव्यात?

आणि हाच आमच्या विरोधाचा गाभा आहे. सरकारी खिडकीवर ‘तिसरे अपत्य’ म्हणून ज्याचा अर्ज परत येतो, ते मूल त्यानंतर कोठे जाते? बँकेत जाते, तर तारण मागतात. सावकाराकडे जाण्याचे दिवस गेले असे आपण म्हणतो, पण ते सर्व घरांतून गेलेले नाहीत. अखेरीस ते मूल मामाचा किंवा काकाचा हात धरून ज्ञातीच्या कार्यालयाच्या पायऱ्या चढते. आपला निधी ज्या काळी स्थापन झाला त्या काळी सरकारी शिष्यवृत्त्या मूठभर होत्या, म्हणून निधी हवा होता. आज त्या पुष्कळ आहेत. तरीही निधी हवा आहे, तो मुख्यतः त्या शिष्यवृत्त्यांच्या अटींतून गळणाऱ्यांसाठी. सरकारच्या चाळणीतून जे खाली पडते ते झेलण्यासाठी आपण खाली परात ठेवली आहे. त्या परातीलाही तेवढ्याच मापाची भोके पाडून घ्यावयाची, असा या ठरावाचा अर्थ होतो.

ठरावातील ‘पहिल्या दोन अपत्यांपुरती’ या शब्दांवर थोडे अधिक थांबावेसे वाटते, कारण ज्यांनी ते लिहिले त्यांच्या डोळ्यांसमोर स्वतःच्या घरचे चित्र असावे. नोकरदाराच्या घरी थोरला आधी शिकतो, धाकटा मागाहून. गरिबाच्या घरी क्रम उलटा असतो. थोरला सातवी-आठवीनंतर, फार तर दहावीनंतर, बापाबरोबर कारखान्यात जातो. त्याच्या पाठची बहीण धाकट्यांना सांभाळते, बारावीपर्यंत कशीबशी पोहोचते, आणि तिचे लग्न ठरते. तोपर्यंत थोरल्याची मजुरी घरात येऊ लागलेली असते, म्हणून तिसऱ्यास किंवा चौथीस कॉलेजची पायरी दिसते. निधीकडे येणारे अर्ज ज्यांनी चाळले आहेत त्यांना हे सांगावयास नको. यंदाच्या अर्जांत परिचारिकेच्या शिक्षणासाठी आलेला एका मुलीचा अर्ज आहे. चौघा भावंडांत ती तिसरी. थोरल्या दोघांनी निधीकडून आजवर एक पुस्तकही घेतलेले नाही, कारण ते त्या इयत्तेपर्यंत पोहोचलेच नाहीत. नवा नियम लागू झाला तर आपण तिला असे कळविणार की, तुमच्या घराच्या वाटणीची दोन माणसे संपली! ज्यांनी काही घेतलेच नाही त्यांनी ती वाटणी कशी संपविली, हे तिला कोणी समजावून सांगावे?

बरे, ‘पहिल्या दोन’ऐवजी ‘कोणत्याही दोन’ असे लिहावे, अशी दुरुस्ती मागील बाकांवरून सुचविण्यात आली. ती सुचविणाऱ्यांचा विचार चांगला आहे. परंतु मग निवड घरात होईल. आणि घरात दोन मुलगे व दोन मुली असतील तर त्या दोन जागा कोणाच्या पदरी पडतील, याचे उत्तर या सभेतील एकाही भगिनीस विचारण्याची गरज नाही. आपल्या राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ साली याच राज्याने केला असूनही! माणसांना दोनच जागा दिल्या म्हणजे ती त्या जागा कशा भरतात हे या आकड्यांवरून दिसते. ग्रामपंचायतींत दोनांहून अधिक अपत्ये असणाऱ्यांस निवडणुकीस अपात्र ठरविणारे नियम काही राज्यांनी केले, तेव्हा निर्मला बुच यांनी पाच राज्यांत त्यांचा अभ्यास केला. पद टिकविण्यासाठी बायकोस सोडून देणे, मूल दुसऱ्यास दत्तक देणे, गर्भपात करविणे, असले प्रकार त्यांना आढळले. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली हरियाणातील असा नियम वैध ठरविला, हे खरे आहे. परंतु वैध ते सर्व हितकर असते असे न्यायालयही म्हणत नाही. १९९४ च्या कायद्याने जी अट आंध्र प्रदेशाने घातली होती, ती त्याच राज्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढून टाकली. आता तेथे अधिक अपत्यांची काळजी वाटण्याऐवजी कमी अपत्यांची काळजी वाटू लागली आहे. ज्या केरळाने १९९० च्या आधीच अपत्यसंख्या दोनांच्या आसपास आणली, त्याने ती मुली शाळेत घालून आणि दवाखाने गावोगाव नेऊन आणली.

दुसरा मुद्दा राहिला, संयम पाळणाऱ्यांवरील अन्यायाचा. तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. महिन्याच्या पगारातून काटकसर करून वर्गणी देणाऱ्या गृहस्थाच्या मनात असा विचार येणे स्वाभाविक आहे. नेमका हाच विचार एका मोठ्या देशाने कायद्यात उतरवून पाहिला आहे, म्हणून त्याचा वृत्तांत येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. इंग्लंडात २०१५ साली अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी असे प्रतिपादन केले की, सरकारी साहाय्यावर असणाऱ्या कुटुंबांनाही कमावत्या कुटुंबांप्रमाणेच, पुढचे अपत्य आपणांस परवडेल काय, हा विचार करावयास लागावा. त्यानुसार ६ एप्रिल २०१७ पासून जन्मलेल्या तिसऱ्या व त्यापुढील अपत्यासाठी गरीब कुटुंबांस मिळणारा भत्ता बंद झाला. अखेरच्या वर्षांत ही रक्कम दर अपत्यामागे वर्षाला सुमारे साडेतीन हजार पौंड होती. परिणाम काय झाला? अभ्यासकांना असे आढळले की जन्मांचे प्रमाण अगदी किंचित घटले; गरिबी मात्र मोठ्या कुटुंबांत साचत गेली. २०२४ सालापर्यंत सुमारे सोळा लाख मुले या मर्यादेच्या कात्रीत सापडलेल्या घरांत राहत होती. आणि ज्यांना ‘कमावत्या कुटुंबांप्रमाणे’ वागावयास शिकवावयाचे होते, त्यांतील निम्म्याहून अधिक घरांत कोणीतरी कामावर जातच होते! मूल झाले तेव्हा नोकरी होती, पुढे ती गेली. नवरा होता, तो वारला किंवा सोडून गेला. अशी त्या घरांची कथा. अपत्याचा विचार ज्या दिवशी केला त्या दिवशी पुढच्या दहा वर्षांची संकटे दिसत नसतात. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात ही मर्यादा एप्रिल २०२६ पासून उठविण्याचे तेथील सरकारने जाहीर केले.

जाता जाता सांगावयाची गंमत अशी की, याच इंग्लंडात एलिनॉर रॅथबोन या विदुषीच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १९४५ साली कुटुंबभत्त्याचा कायदा झाला, तेव्हा दर आठवड्याचे पाच शिलिंग पहिल्या अपत्यास वगळून दुसऱ्यापासून पुढे मिळत असत. एका मुलाचा भार आईबाप उचलतील, पाठीवर भावंडे आली म्हणजे हात द्यावयाचा, असा त्या पिढीचा हिशेब होता. सत्तर वर्षांनी हिशेब उलटा झाला. आमच्या मते जुना हिशेब मूल वाढविणाऱ्या माणसाने केलेला होता.

आपल्या ज्ञातीतील मोठ्या घरांकडे पाहिले तरी हेच दिसेल. कोणाच्या घरी दिवंगत भावाची दोन मुले आहेत आणि ती शाळेच्या दाखल्यावर काकाच्याच नावाने लागली आहेत. कोणी विधुर होता, त्याने विधवेशी विवाह केला आणि दोघांची मुले एका छपराखाली आली. या विवाहाचे आपण याच व्यासपीठावर शाल-श्रीफळ देऊन कौतुक केले होते. कोणाला दुसऱ्या खेपेस जुळे झाले. या सर्वांस ‘संयम न पाळणारे’ म्हणावयाचे काय? अपवाद म्हणून त्यांची नोंद करता येईल, असे कोणी म्हणेल. तर मग प्रत्येक अर्जासोबत घराची खाजगी हकीगत जोडावी लागेल, आणि ती पाच जणांच्या समितीपुढे वाचली जाईल. विधवा स्त्रीने आपले तिसरे मूल कसे झाले याचा खुलासा ज्ञातीच्या समितीस लिहून द्यावा, असा प्रसंग आपण आणू नये. इंग्लंडातील कायद्यानेही काही दुर्दैवी स्त्रियांवर असाच प्रसंग आणला होता, आणि त्याबद्दल तेथील सुजाण लोकांनी सरकारची पुष्कळ निर्भर्त्सना केली.

शिवाय व्यासपीठावर बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींस, आणि पहिल्या दोन रांगांतील देणगीदारांस, आमची नम्र विनंती अशी की, आपापल्या भावंडांत आपला क्रमांक कितवा, हे त्यांनी मनातल्या मनात आठवावे. मोठ्याने सांगण्याचे कारण नाही. बाबासाहेब आंबेडकर हे रामजी सुभेदारांचे चौदावे अपत्य. सयाजीराव महाराजांच्या बडोदे सरकारने १९१३ साली त्यांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठविले, तेव्हा सुभेदारांच्या संसाराचा हिशेब मागितला असता तर पुढचा इतिहास कसा लिहिला गेला असता, ते इतिहासकारांनी सांगावे.

आता निधीच्या तुटपुंजेपणाविषयी. तो आम्हांस मान्य आहे, आणि म्हणून मर्यादा मुळीच नको असे आम्ही म्हणत नाही. भांडे लहान असेल तर वाढप्याने हात आखडावाच लागतो; प्रश्न एवढाच की पंगतीत कोणाच्या पानावर आखडावा. धरून चालू की एका घरी दरमहा चाळीस हजार रुपये येतात आणि माणसे चार आहेत. माणशी दहा हजार पडतात. दुसऱ्या घरी यंत्रमागावरील मजुरीचे पंधरा हजार येतात आणि माणसे सहा आहेत. माणशी अडीच हजार. ठराव मंजूर झाला तर पहिल्या घरातील दोन्ही मुलांस निधीचे दार उघडे राहील, आणि दुसऱ्या घरातील दोघांस बंद होईल. ज्याच्या पानात भात आहे त्यास पुन्हा भात, आणि ज्याच्या पानात काही नाही त्याच्या पुढून वाढपी निघून जाणार! आमची सूचना अशी की, आधी माणशी उत्पन्न पाहावे आणि खालून वर यावे. निधी जेथे संपेल तेथे थांबावे. असे केले तर काही सुखवस्तु घरांचे अर्ज यंदा मागे राहतील, त्यात कदाचित आमच्या आप्तांचेही असतील. त्यांना रागही येईल. परंतु त्यांची मुले शाळा सोडणार नाहीत.

खर्चाच्या बाजूसही थोडी काटछाट होऊ शकेल. गुणवंतांच्या सत्कारास शाली, श्रीफळे, स्मृतिचिन्हे आणि भोजन हवेच, अशी समजूत होऊन बसली आहे. भोजनाविषयी आम्ही काही बोलत नाही, कारण सभेनंतर आम्हांसही याच मांडवात बसावयाचे आहे. पण ज्या स्मृतिचिन्हांवर विद्यार्थ्याच्या नावाचे स्पेलिंग दरवर्षी चुकते, ती एक वर्ष नसली तर त्या पैशांत काही जणांची परीक्षा शुल्के भरून होतील. अध्यक्षमहाराजांनी यावर निराळा ठराव घेतला तर त्यास आमचा पाठिंबा राहील.

तेव्हा मूळ ठरावास पुढील दुरुस्ती आम्ही सभेच्या विचारार्थ मांडतो. ‘प्रत्येक कुटुंबातील पहिल्या दोन अपत्यांपुरती’ हे शब्द वगळावेत. त्यांच्या जागी असे लिहावे: ‘निधीतून मदत देताना अर्जदाराच्या कुटुंबाचे दरडोई मासिक उत्पन्न पाहिले जावे व कमी उत्पन्नाच्या अर्जास आधी स्थान मिळावे. अपत्यसंख्येच्या अटीमुळे ज्या विद्यार्थ्याची सरकारी शिष्यवृत्ती नाकारली गेली असेल त्याच्या अर्जाचा विचार प्राधान्याने व्हावा.’ त्याचबरोबर अर्जाच्या छापील नमुन्यातील सहावा रकाना, ज्यात ‘अर्जदार कुटुंबातील कितवे अपत्य’ असे विचारले आहे, तो काढून टाकावा, आणि ‘एका चुलीवर जेवणारी माणसे किती’ असा रकाना घालावा. नमुने अद्याप छापखान्यात गेलेले नाहीत, असे चिटणिसांनी आम्हांस सकाळीच सांगितले आहे; म्हणजे छपाईचा खर्च दुसऱ्यांदा होण्याची भीती नाही.

अनुमोदनासाठी आम्ही कोणास आधी सांगून ठेवलेले नाही. सभेतून जो हात प्रथम वर होईल, त्याचे नाव चिटणिसांनी लिहून घ्यावे, आणि दुरुस्ती मतास टाकावी.